'पीक : निरंक' लिहिणाऱ्या साहेबांना खुले पत्र

मा. तहसीलदार साहेब, मंडळ अधिकारी साहेब, तलाठी भाऊसाहेब आणि कृषी सहायक मॅडम यांस,

सप्रेम नमस्कार.

(तुमच्यातल्या काहींच्या पदांची नावं आता बदलली आहेत असं ऐकते. गावात अजून जुनीच चालतात, रागावू नका.)

विहिरी काठोकाठ भरलेल्या असताना दुष्काळावर पत्र लिहिणारी बाई तुम्हाला विचित्र वाटेल. 2025 च्या सप्टेंबरात मांजरेचं पाणी आमच्या शिवारात शिरलं, बांध फुटले, सोयाबीन उभ्या उभ्या कुजलं. गावात कुणालाही विचारा, तो पुराचंच बोलेल. पण टँकर सुरू झाले की तुम्हाला फोन उचलायला सवड नसते आणि आम्हाला कागद घेऊन बसायला. शिवाय टंचाईचा आराखडा ऑक्टोबरपासून जूनपर्यंतचा असतो आणि तो पाऊस सरता सरताच कागदावर येतो, हे मला आता माहीत झालंय. म्हणून आत्ताच लिहिते, आमच्या उभ्या भाजीपुढं तुम्ही लिहिलेल्या एका 'निरंक'बद्दल, म्हणजे 'काही नाही'बद्दल.

आमची जमीन तीन एकर, सातबारा सासऱ्यांच्या नावावर. माझं नाव त्यावर नाही, तो वेगळा विषय, त्यावर कधीतरी वेगळं पत्र लिहीन. यातल्या अडीच एकरावर सोयाबीन, तूर, पुढं जमलं तर हरभरा. उरलेले वीस गुंठे बोअरच्या अंगाला आहेत, ते भाजीचे. पाणी असेल तसे वीसच्या वीस लावायचे, नसेल तर दहा, आठ, पाच. चांगल्या सालात वांगी, टोमॅटो, फ्लॉवर. ओढीच्या सालात गवार, चवळी, आणि पाळी लावून मेथी, कोथिंबीर, शेपू. गवार फार सोसते. मेथी महिनाभरात पैसे देते. कोणती भाजी किती तहान धरते हे आमच्या सासूबाईंना जेवढं ठाऊक आहे तेवढं कुठल्या घडीपत्रिकेत मी वाचलं नाही.

सोयाबीनचे पैसे वर्षातून एकदा येतात आणि आल्या पावली सोसायटीत आणि दुकानदाराकडं जातात. घर चालतं ते आठवडी बाजारावर. तेल, साखर, पोराचा एसटीचा पास, गटाचा हप्ता, सासऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या, हे सगळं मेथीच्या जुड्यांतून निघतं. माझी एक वही आहे. कोणत्या बाजारी काय नेलं, काय विकलं, किती परत आणून शेळ्यांना घातलं, सगळं तीत आहे. 2023 च्या दिवाळीपासून 2024 च्या फेब्रुवारीपर्यंत दर बाजारी बाराशे ते अठराशे रुपये आले. दुष्काळ तेव्हा लागलेलाच होता.

तो दुष्काळ तुम्हाला आठवत असेल. 2023 चा ऑगस्ट देशभर 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट निघाला. आमच्याकडं सोयाबीनला ऐन शेंगा भरायच्या वेळी पावसानं दडी मारली. सरकारनं 31 ऑक्टोबरला 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, पुढं दहा दिवसांनी 1,021 महसूल मंडळांत 'दुष्काळसदृश परिस्थिती' म्हटली. आमचं मंडळ या दुसऱ्या यादीत. सदृश तर सदृश. जमीन महसुलात सूट, कर्जाचं पुनर्गठन, कृषिपंपाच्या बिलात 33.5 टक्के सवलत, पोरांची परीक्षा फी माफ, लागेल तिथं टँकर. एवढं मिळालं हेही कमी नाही, उगाच नावं ठेवणार नाही.

आमच्या बोअरला तेव्हाही पाणी होतं. दीड इंचाचं, पण होतं. बाकीचे बोअर पाचशे, सातशे फुटांवर जाऊन गुळण्या टाकत होते. 200 फुटांखाली जायला कायद्यानं मनाई आहे म्हणतात, पण बोअरच्या गाडीवाल्याला ते कुणी सांगितलेलं दिसत नाही. आमचा बोअर 190 फुटांचा, त्याच्यावर सासऱ्यांनी नाल्यात आडवे दगड रचून ठेवलेले. 2016 मध्ये मांजरेवरचं धनेगावचं धरण आटलं आणि मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणलं, त्या उन्हाळ्यातही तो तासाला पंधरा मिनिटं का होईना चालला होता.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी दीड-दोनला तुमची माणसं आली. एक जीप, एक मोटारसायकल. गावाची नळयोजनेची विहीर तळाला गेली होती, म्हणून आमचा बोअर अधिग्रहित करायचा होता. दोनशे लिटरचं बॅरल पाइपाखाली ठेवलं, मोबाईलवर वेळ लावली. चार मिनिटांत भरलं. "चांगलंय की पाणी," साहेब म्हणाले. सासरे बोअर खोदल्यापासूनच्या अभिमानानं हसले.

इथं एक गोष्ट स्पष्ट लिहिते, नाहीतर वाचणारे म्हणतील बाई पाणी द्यायला रडते. आम्ही नाही म्हटलं नाही. सही करताना सासऱ्यांचा हात जरासुद्धा अडला नाही. बहात्तरला त्यांनी आणि सासूबाईंनी रस्त्याच्या कामावर खडी फोडलीय, सुकडी खाल्लीय. आमच्याकडं जुनी माणसं म्हणतात, बहात्तरला दाणा नव्हता, पाणी होतं. आता दाणा आहे आणि पाणी नाही. तहानलेल्या गावाला पाणी नाकारून वांगी पिकवायची, असं या घरात कुणाच्या मनातही आलं नाही.

हिशेब मीच घातला होता, बारावीपर्यंतच्या गणितावर. एका गुंठ्यावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे साधारण शंभर लिटर. फेब्रुवारीत ठिबकवर दिवसाला चार मिलिमीटर धरा. माझी तेव्हा आठ गुंठे भाजी उभी होती. आठ गुणिले शंभर गुणिले चार, बत्तीसशे लिटर रोज. टंचाईत टँकरचं पाणी माणशी वीस लिटर मोजतात. म्हणजे माझ्या आठ गुंठ्यांच्या पाण्यात 160 माणसांची तहान भागते. हा आकडा मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहिला आणि गप्प बसले. 160 माणसं म्हणजे आमची अर्धी गल्ली आणि वरची वस्ती. तिथं वाद कसला घालायचा?

माझं भांडण पुढच्या ओळीशी आहे.

पंचनामा लिहिताना साहेबांनी विचारलं, "यावर पीक काय?" मी म्हटलं, समोरच आहे की. दोन गुंठे मेथी वीस दिवसांची, जुडी बांधायला दहा दिवस राहिलेले. दोन गुंठे गवार, फुलावर. तीन गुंठे वांगी, तोडा चालू. एक गुंठा कोथिंबीर. साहेबांनी मोबाईलवर सातबारा काढला. "इथं सोयाबीन दिसतंय. ते तर निघालं. म्हणजे सध्या निरंक."

मी म्हटलं, "अहो, मग ही वांगी?"

"ती परसबाग धरतात, ताई."

परसबाग आमच्या घराच्या मागं आहे, न्हाणीच्या पाण्यावर. तीत एक शेवगा, दोन पपया आणि गवती चहा. हे रान घरापासून सहाशे पावलांवर आहे, त्याला बत्तीसशे रुपयांचं ठिबक आहे, जुनं घेतलेलं, त्याचे ड्रिपर मी दर पंधरवड्याला सुईनं मोकळे करते कारण पाणी जड आहे आणि क्षार धरतात. पण साहेब घाईत होते, त्यांना आणखी तीन गावं करायची होती आणि ऊन मी म्हणत होतं. त्यांनी लिहिलं: 'सदर बोअरवर सद्यःस्थितीत पीक निरंक.' सासऱ्यांनी खाली सही केली. मी चहा केला. जाताना रीत म्हणून प्रत्येकाच्या पिशवीत चार-चार वांगी घातली. त्या दिवशी निरंक पीक जीपमधून तालुक्याला गेलं.

पुढं काय झालं ते थोडक्यात. तिसऱ्या दिवशी बोअरला टँकरचा पाइप जोडला. मेथी दहा दिवस थांबू शकत नाही. ती फुलावर आली, कडू झाली, शेळ्यांनी खाल्ली. गवार दोरीसारखी झाली. वांग्यांवर लाल कोळी पडला, पानं तांबूस पडून खडबडीत झाली, जाळी दिसायला लागली. ताण बसलेल्या झाडावर तो असाच तुटून पडतो. सासूबाईंनी त्यातली चाळीस झाडं न्हाणीच्या आणि भांड्यांच्या पाण्यावर जगवली, रोज संध्याकाळी दोन कळशा डोक्यावर वाहून. का, असं विचारलं तर म्हणाल्या, "रान रिकामं बघवत नाही." त्या चाळीस झाडांची वांगी आम्ही मेपर्यंत खाल्ली, विकायला काही उरली नाहीत.

आणि बाजार? आठवडी बाजारातली जागा ही कुणाच्या नावावर नसते, पण सगळ्यांना माहीत असते. माझी जागा लिंबाखाली, बांगडीवाल्याच्या शेजारी. सासूबाई तिथं अठ्ठावीस वर्षं बसल्या, मग मी. दोन बाजार गेला नाहीत की दुसरं कुणी गोणपाट अंथरतं आणि मग ती जागा परत मिळत नाही. म्हणून मार्च ते जून मी तालुक्याच्या बिटातून, म्हणजे ठोक लिलावातून, भाजी विकत घेऊन तिथं विकली. पहाटे चारला ॲपेनं जायचं, शेकड्यानं जुड्या घ्यायच्या, हमाली द्यायची, नऊला येऊन बसायचं. फळं-भाजीपाला 2016 च्या जुलैत बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला, आडत, म्हणजे अडत्याचं कमिशन, शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरलं. तोवर शेतकरी म्हणून माझ्याकडून आडत कापली जायची. आता खरेदीदार म्हणून भरली. नशीब बघा.

त्या चार महिन्यांत बाजाराला जाताना भाजीबरोबर पाच लिटरचा कॅन न्यावा लागायचा. गिऱ्हाईकाला पालेभाजी ओली पाहिजे. ज्या गावात बायका हंड्यासाठी नंबर लावतात त्या गावातून मी पाच लिटर पाणी भाजीवर शिंपडायला नेत होते. लाज वाटायची. मग युक्ती केली, भाजीवर पाणी मारायचं सोडून गोणपाट भिजवायचं आणि ते जुड्यांवर पांघरायचं. दोन लिटरमध्ये भागायला लागलं. पण सगळ्यात अवघड होतं ते एका म्हातारबांचं. निवृत्त गुरुजी आहेत, दर बाजारी भवानी त्यांचीच. त्यांनी जुडी हातात घेऊन विचारलं, "घरची आहे ना?" मी हो म्हटलं. त्यांना कळलं होतं, घरच्या मेथीची पानं बारीक असतात. त्यांनी काही न बोलता पैसे दिले.

साहेब, हे सगळं सांगून भरपाई मागतेय असं समजू नका. भरपाईचाही हिशेब केलाय. आपत्ती निवारण निधीच्या त्या वेळच्या निकषाप्रमाणं बागायतीला हेक्टरी 17,000 रुपये. आठ गुंठे म्हणजे 0.08 हेक्टर. आले 1,360. बागायतीला किमान दोन हजार द्यायचे हा नियम लावला तरी दोन हजार. एका चांगल्या बाजाराची विक्री! पैशासाठी लिहीत असते तर कागद-पेनाचाही खर्च निघाला नसता.

मला त्या 'निरंक'चं वाईट वाटतं, कारण तो एका माणसाचा हलगर्जीपणा नव्हता. ते साहेब वाईट नव्हते, तुमचा कागदच तसा आहे. ई-पीक पाहणी 2021 पासून आमच्या हातात दिली, चांगलं केलं. मी स्वतः मोबाईलवर फोटो काढून सोयाबीन टाकते. पण ती हंगामात ठरलेल्या मुदतीत एकदा करायची असते. मेथी पेरली, उगवली, जुडी बांधली, विकली, आणि त्याच वाफ्यात शेपू आला, तोवर ॲपची मुदत संपलेली असते किंवा लागलेली नसते. पीक विमा सोयाबीनला, कापसाला, तुरीला, कांद्याला. पालेभाजीचं नाव नाही. 21 दिवसांचा पावसाचा खंड सोयाबीनसाठी मोजला गेला, विम्याच्या आगाऊ 25 टक्के भरपाईची चर्चा झाली. उसाची नोंद कारखान्याकडं असते. नदीच्या अंगाच्या उसाला त्या फेब्रुवारीतही पाटानं पाणी चालू होतं, आणि तिथवर टँकरला रस्ता नाही म्हणून त्या विहिरींकडं कुणी फिरकलं नाही. रस्त्यालगतचा आमचा बोअर सोयीचा. असो. उसावर आणखी लिहिलं तर गावात राहणं अवघड होईल.

दुष्काळ ठरवायची 2016 ची संहिता माझ्या भाच्यानं मला वाचून दाखवली. आधी पाऊस बघायचा, मग उपग्रहावरून हिरवळ आणि जमिनीतला ओलावा बघायचा, मग दहा टक्के गावांत जाऊन मुख्य पिकं बघायची. मला हसूच आलं. आम्ही बायका डोक्यावर पाणी वाहून चार वाफे हिरवे ठेवतो. वरून बघणाऱ्याला ते दिसले असतील तर 'इथं जरा बरं दिसतंय' एवढंच दिसलं असेल. आणि खाली जमिनीवर आलात तर ते मुख्य पीक नाही.

पण भाजी सरकारला अजिबात दिसत नाही असंही नाही. 2023 च्या जुलैत टोमॅटो किलोला शंभरच्या वर गेला तेव्हा दिल्लीपर्यंत दिसला. सरकारनं स्वस्तात विकायला गाड्या उभ्या केल्या, ऑगस्टमध्ये नेपाळहून टोमॅटो आला. सप्टेंबरात तोच टोमॅटो नाशिककडं शेतकऱ्यांनी रस्त्यावर ओतला, तेव्हा कुठली गाडी आली नाही. कांद्यावर त्याच ऑगस्टात 40 टक्के निर्यात शुल्क लागलं, डिसेंबरात निर्यातच बंद झाली ती 2024 च्या मेपर्यंत. हे सगळं त्याच दुष्काळी वर्षात. भाजी महागली की तुमच्या वरच्यांना चष्म्याशिवाय दिसते. वाळली की निरंक.

आता कामाचं. मी फार मोठं मागत नाही, निम्म्या गोष्टींना तर मुंबईचा आदेशही लागू नये.

पुढच्या वेळी बोअर किंवा विहीर ताब्यात घ्याल तेव्हा पंचनाम्यात समोर उभं असलेलं पीक लिहा, सातबारावरचं नको. किती गुंठे, किती दिवसांची, तोडा कधी. फोटो आम्ही काढून देऊ. त्यानं एक रुपया मिळाला नाही तरी चालेल, पण कागदावर येऊ दे की या बोअरवर आठ गुंठे भाजी होती आणि ती गावाच्या पाण्यासाठी बंद केली. मंडळातल्या अशा सगळ्या नोंदींची बेरीज मारली तर जिल्ह्याला कळेल की दर दुष्काळात किती घरांचा आठवडी बाजार बुडतो. आज ही बेरीज कुणाकडंच नाही. शून्य अधिक शून्य किती वेळा करायचं?

दुसरं, उभी भाजी निघेपर्यंत दहा-बारा दिवस रोजचं तासभर पाणी आमच्याकडं राहू द्या. एका तासात तीन हजार लिटर येत होतं, म्हणजे आठ गुंठ्यांची रोजची गरज जवळपास भागत होती. टँकर दिवसातून तीन खेपा भरायचा आणि मधल्या वेळेत मोटर बंदच असायची. मी तेव्हा हे बोलले नाही, कारण सही झाली होती आणि घरात पुरुष बोलत होते. माझी चूक. गवारीच्या फुलांकडं बघून तेव्हाच बोलायला पाहिजे होतं.

तिसरं, अधिग्रहणाचे पैसे. बोअर फेब्रुवारी ते जून चालला. पहिले पैसे दिवाळीच्या तोंडावर आले, शेवटच्या दोन महिन्यांचे अजून यायचेत. ते पैसे मार्चमध्ये आले असते तर मी बिटातून उसनवारीवर भाजी उचलली नसती. तालुक्याच्या कचेरीत विचारायला गेले की एक टेबल दुसऱ्याकडं पाठवतं, दुसरं पंचायत समितीकडं. एकदा तर मला विचारलं, "तुमचं नाव काय? ते तर खातेदारात नाही." बरोबर आहे. नाही.

कृषी सहायक मॅडम, तुमच्यासाठी एक ओळ वेगळी. तुम्ही त्या उन्हाळ्यात सोयाबीनच्या उगवण चाचणीचं प्रात्यक्षिक घ्यायला गावात आला होता, छान समजावून सांगितलं होतं. असंच एकदा कमी पाण्यातल्या भाजीवर घ्या. सोयाबीनच्या भुसकटाचं आच्छादन टाकलं तर पाण्याची पाळी किती लांबते, मिरचीवर बोकड्या पडायच्या आत काय करायचं, गवारीचं कुठलं वाण उन्हात टिकतं. सभा सकाळी अकराला ठेवू नका, तेव्हा आम्ही रानात असतो. बाजाराच्या आदल्या दिवशी दुपारनंतर ठेवा, सगळ्या बायका बोअरपाशी जुड्या बांधत बसलेल्या असतात. हात चालू राहतील आणि कानही.

या साली पाणी आहे. वीसच्या वीस गुंठे लावलेत. वांग्यांनी फुलं धरलीत, मेथीची दुसरी पाळी परवाच पेरली. गुरुजी अजून भवानीला येतात, आता विचारत नाहीत.

पाणी पुन्हा तळाला जाईल तेव्हा तुम्ही पुन्हा याल. बोअर तिथंच आहे, अडवणार नाही. फक्त कागदावर पेन टेकवण्याआधी वही बघा. मोटरच्या खोपीत खुंटीला टांगलेली असते, प्लास्टिकच्या पिशवीत.

आपली नम्र,
मांजरा काठची एक भाजीवाली
(खातेदार नाही)